गोवर्धनभाऊंचा मार्चचा हप्ता

उत्तमराव नेरकर नावाचा माणूस कधी जन्माला आलाच नाही, तरी आमच्या ऑफिसात त्याची चौकशी रोज व्हायची. "काय म्हणतात उत्तमराव?" असं मी सकाळी टेबल पुसता पुसता विचारायची, आणि गोवर्धनभाऊ कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणायचे, "काल प्लॉट इकला लेकानं. जूनचा हप्ता भरलाच नाई. आता पाहू, काय लागते त्याले."

दिग्रसच्या बाजारात, एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पत्कीसाहेबांचं ऑफिस आहे. लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्नं भरून देणं हा आमचा धंदा. साहेब, वसुलीचं काम बघणारे वामनराव, मी आणि गोवर्धन आडे, एवढीच माणसं. माझं घराणं तीन पिढ्या कारकुनी करणारं. आजोबा कचेरीत, वडील बँकेत, मी इथे. समोर आलेला कागद भरायचा, सही घ्यायची, फाइल बांधायची, ही आमच्या रक्तातली सवय. गोवर्धनभाऊंना ती शिवलेलीसुद्धा नव्हती. ते पुसद रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यातले. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचे. भाऊंना तेवढं हिंडायला मिळालं नाही, म्हणून ते आकड्यांतून हिंडतात, असं मी चिडून म्हणायची. चिडायची मला सवयच आहे, हे इथेच सांगून ठेवते.

आता आगाऊ कराचं काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. ज्याच्या पगारातून कर कापला जात नाही, त्यानं वर्ष संपायची वाट बघायची नसते. अंदाजानं कर भरत जायचा. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, या प्रत्येक महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत एकेक हप्ता. हप्ता चुकला किंवा कमी पडला की व्याज. कायद्यात त्याला व्याज म्हणतात, दिग्रसमध्ये सगळे दंडच म्हणतात. पूर्वी ते हातानं काढायचे, आता सॉफ्टवेअर काढतं. उत्पन्न टाका, चलानाच्या तारखा टाका, एका रकान्यात आकडा उगवतो. सगळं जग तो आकडा भरतं आणि जेवायला घरी जातं.

गोवर्धनभाऊ जात नसत. ते त्या आकड्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "काहून?"

हे "काहून" त्यांनी ऑफिसात कोणालाही सोडलं नाही. चष्मा कपाळावर, बडीशेप गालात, दोन्ही कोपरं टेबलावर. समोर पक्षकार ताटकळलेला असायचा, बिचारा म्हणायचा, "भाऊ, किती भरू थे सांगा नं." भाऊ म्हणायचे, "थे त मशीन सांगून राह्यली. पन आकडा आला म्हंजे उत्तर आलं असं नाई होत बावा. थांबा." आणि तो माणूस थांबायचा. चहा मागवून थांबायचा. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायची.

उत्तमरावाचा जन्म याच थांबण्यातून झाला. खऱ्या पक्षकाराच्या फाइलीत खोड्या करून बघायला साहेबांनी सक्त मनाई केली होती. मग भाऊंनी सॉफ्टवेअरमध्ये एक नवाच पक्षकार उघडला. नाव उत्तमराव नेरकर, राहणार नेर, पॅनच्या जागी कसलीशी खोटी अक्षरं. त्याचं रिटर्न कुठेच जाणार नव्हतं. तो फक्त चुकण्यासाठी होता. खऱ्या माणसानं करायची प्रत्येक चूक आधी उत्तमराव करायचा. त्यानं हप्ते बुडवले, अर्धे भरले, एक दिवस उशिरा भरले. त्याला लॉटरी लागली. त्यानं शेअर घेतले आणि विकले. "एका टायमाले एकच खोडी," हा भाऊंचा नियम. एक तारीख बदलायची, रकान्याकडे बघायचं, परत पहिल्यासारखं करायचं, मग दुसरी. आणि दर वेळी स्क्रीनला म्हणायचे, "बोल बापू, आता काय म्हनतं?"

एकदा यवतमाळला सल्लागारांसाठी शिबिर होतं. मोठे वक्ते आले होते, कोट घालून. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर भाऊ उभे. "साहेब, पहिले तीन हप्ते चुकले त तीन-तीन महिन्याचं व्याज. एक दिवस उशीर झाला तरी तीन महिन्याचं. मंग मार्चचा चुकला त एकच महिना काहून?"

वक्ते म्हणाले, "तसा नियम आहे."

"नियम आहे थे मले माहीत आहे जी. काहून आहे थे इचारून राह्यलो."

हशा झाला. वक्ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी शेजारी बसले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. भाऊंना त्याचं काहीच नव्हतं, ते खिडकीतून बाहेर बघत बोटं मोजत होते.

पुढे कितीतरी महिन्यांनी एके दिवशी सकाळी ते आलूबोंड्यांचा पुडा घेऊन वर आले. घाम फुटलेला, चेहरा असा की घरी नातू झाला असावा. "ताई, सापडलं! मार्चनंतर एक एप्रिलपासून दुसरं कलम हाये न, थे धरते त्याले. म्हनून पहिल्या कलमानं त्याले मार्चपुरतंच धरलं. एका मानसाले दोघांनी एकाच महिन्यासाठी कायले मारावं?" आणि मग हसत सुटले. वामनरावांनी बोंडा खाता खाता विचारलं, "याच्यात पैसे किती वाचले?" "काहीच नाई," भाऊ म्हणाले, "पन बरं वाटलं का नाई?" खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

उत्तमरावानं वामनरावांना मात्र चांगलंच पळवलं. झालं असं, की पत्कीसाहेबांनी एकदा थकलेल्या फीची यादी काढली. त्यात उत्तमराव नेरकर, वर्षानुवर्षं एक पैसा न दिलेला. साहेबांचा पारा चढला. भाऊ त्या दिवशी रजेवर, मी यवतमाळला. साहेबांनी वामनरावांना नेरच्या बसमध्ये बसवून दिलं.

संध्याकाळी वामनराव धुळीनं माखून परत आले. म्हणाले, "साहेब, मानूस सापडला नाई. पन बाजारात दोघंतिघं वयखतात त्याले. मोठा चालू मानूस हाये म्हन्ते. सध्या अमरावतीले पोरीकडे राहून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सगळं उघड झालं तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलून डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसले. नेरची माणसं भली. नाही माहीत म्हणून कोणाला रिकाम्या हातानं पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. वामनराव ओशाळले. हसले नाहीत ते फक्त गोवर्धनभाऊ. त्यांनी खुर्ची वामनरावांच्या जवळ ओढली आणि अगदी मनापासून विचारलं, "पोरगी अमरावतीले देल्ली म्हनले? जावई काय करते?" त्या दिवसापासून उत्तमरावाला एक मुलगी झाली आणि त्यानं तिच्या नावावर बँकेत ठेव ठेवली. त्या ठेवीचं व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचं, यावर भाऊंनी पुढचा आठवडा काढला.

पक्षकाराला त्यांचा पहिला प्रश्न "किती" नसायचा. "कधी" असायचा. कारण प्लॉट किंवा शेअर विकून झालेल्या नफ्याचं सगळं तारखेवर असतं. नफा फेब्रुवारीत झाला असेल तर जूनचा हप्ता का भरला नाही, असं सरकारही विचारत नाही. पण सॉफ्टवेअरला ते आपण सांगावं लागतं. विक्री कोणत्या तिमाहीत झाली त्याचे रकाने असतात, त्यात रक्कम टाकावी लागते. आणि आमच्याकडच्या माणसांना तारखेनं काही आठवत नाही.

"प्लॉट कधी इकला, काका?"

"पोरीचं लगन होतं नं, त्याच्या आंधी."

"लगन कधी होतं?"

"गहू निंगला होता."

"हयदीच्या दिवशी गरमी होती का थंडी?"

"गरमी? अबे, बंड्याचा मामा चक्कर येऊन पडला नं!"

"मंग एप्रिल," भाऊ म्हणायचे, आणि लगेच, "आता रजिस्ट्रीचा कागद दाखवा." कागदावर एप्रिल निघाला की त्यांना केवढा आनंद! निघाला नाही तर त्याहून जास्त. मग ते त्या काकांना परत बसवून घ्यायचे, कुठे चुकलं हे बघायला. पण रजिस्ट्रीचा कागद बघितल्याशिवाय त्यांनी कोणाची तारीख कधी टाकली नाही. एकदाच टाकली, आणि ती त्यांच्या काकीची.

धापली काकी म्हणजे त्यांच्या धाकट्या चुलत्याची बायको, वयानं त्यांच्याहून थोडीच मोठी. लग्न होऊन तांड्यात आली तेव्हा भाऊ शाळेत जायचे. आई लवकर गेल्यावर त्यांना जेवू घातलं ते हिनंच. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, त्यानं नोकरीत असताना दिग्रसमध्ये एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तांड्यात तो कारभारी होता, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, बरोबरीनं बसून भांडणं मिटवणारा, कोणाला दंड किती हे सांगणारा. तो वारल्यावर काकीनं प्लॉट विकायला काढला. अक्षय तृतीयेला तांड्यातच बोली ठरली. नायकासमोर इसारपावती लिहिली, गूळ वाटला. साक्षीदार म्हणून पावतीवर सही गोवर्धनभाऊंची. आता तांड्याचा रिवाज असा, की शब्द दिला आणि गूळ तोंडात गेला की सौदा झाला. पुढचं सगळं कागदोपत्री. गूळ खाल्ल्यावर फिरला असा माणूस तिथे कोणाला आठवत नाही. भाऊंनी गूळ खाल्ला, काकीला बजावलं, "जूनच्या पंधरा तारखीच्या आत पहिला हप्ता भरजो," आणि दिग्रसला आले.

काकीनं जूनमध्ये भरला नाही. सप्टेंबरमध्येही नाही, डिसेंबरमध्येही नाही. भाऊ माझ्याजवळ कुरकुरायचे, "सांगतलं होतं मी तिले." मार्चमध्ये त्यांनी फोन केला, तेव्हा तिनं दिरासोबत पैसे पाठवून सगळा कर एकदम भरला. जुलैत रिटर्न भरताना भाऊंनी आपल्या पिशवीतल्या इसारपावतीची तारीख बघितली आणि विक्री पहिल्या तिमाहीत टाकली. रकान्यात आकडा उगवला, बारा हजारांच्या वर. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या आकड्याला काहून म्हणून विचारलं नाही. त्यांना कारण माहीत होतं ना! काकीनं ऐकलं नाही, हे कारण. त्यांनी फोन लावला आणि सगळं दिग्रस म्हणतं तेच म्हणाले, "काकी, दंड लागला तुले. उशीर केला तू."

काकीनं पैसे पाठवले. एक शब्द न बोलता पाठवले. आणि मग नायकाकडे जाऊन सांगितलं, तांडा बसवा, म्हणजे पंचायत बोलवा.

निरोप आला तेव्हा भाऊंचा चेहरा उतरला. तांड्यातल्या घरोघरचे कागद त्यांच्याच हाती होते. पेन्शनचे, जमिनीचे, पोरांच्या स्कॉलरशिपचे. काकीच त्यांच्यावर विश्वास नाही म्हणाली, तर दुसरं कोण ठेवणार? आणि काकीचं त्याहून अवघड होतं. ज्या तांड्यात तिच्या नवऱ्यानं लोकांना दंड सांगितले, त्याच तांड्यात आता तिला दंड लागला म्हणून बोललं जात होतं. "बारा हजाराचं नाई, ताई," भाऊ मला म्हणाले. "काकीनं कोनाचं कधी थकवलं नाई. दुकानदाराचं बी नाई. मंग सरकारचं काहून थकवलं?"

ते स्वतःच्या तोंडून "काहून" ऐकून चमकले. उठले, तोंडावर पाणी मारून आले, आणि भर दुपारी उत्तमराव उघडला.

उत्तमरावाला त्यांनी काकीच्या भावात तसाच एक प्लॉट विकायला लावला, कर मार्चमध्ये भरायला लावला. मग एकच खोडी. विक्री पहिल्या तिमाहीत, बारा हजारांच्या वर. दुसऱ्या तिमाहीत, थोडं कमी. तिसऱ्या तिमाहीत, आणखी कमी. चौथ्या तिमाहीत टाकली आणि रकाना रिकामा झाला. शून्य. भाऊ त्या शून्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "पण काकीनं विकला तर अक्षय तृतीयेलाच ना?"

भाऊंनी फोन लावला. "काकी, रजिस्ट्री कधी झाली?"

पलीकडचं मला ऐकू आलं. काकीचा आवाज फोनला पुरून उरणारा. "संक्रांत झाल्यावर. पैशे बी तवाच आले. आज इचारतं का, छोरा?"

तांड्यावर जाताना भाऊंनी ऑफिसचा लॅपटॉप मागितला आणि साहेबांनी लॅपटॉपची राखण करायला मला सोबत पाठवलं. तीज नुकतीच झाली होती, पोरींनी गव्हाचे कोंब रुजवलेल्या टोपल्या अजून दारात पडलेल्या. देवळासमोरच्या ओट्यावर नायक बसलेले, माणसं एकीकडे, बाया एकीकडे. काकी मध्ये. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, पदर कमरेला खोचलेला. मी आयुष्यात साहेबांना घाबरले नाही, पण त्या बाईकडे बघून मी भाऊंच्या मागे सरकले.

काकी उभी राहिली आणि आधी आपल्या बोलीत, मग माझ्याकडे बघून मला कळेल अशा बोलीत म्हणाली, "म्या कोनाचं ठेवलं नाई. याच्या काकानं ठेवलं नाई. मंग माह्यावर दंड कायले? उशीर झाला असन त कोनाचा झाला, थे इचारा याले."

भाऊ उभे राहिले. मला वाटलं आता लॅपटॉप उघडतील, उत्तमराव दाखवतील, कलमं सांगतील. सरळ म्हणाले, "काकीचा उशीर नाई. माहा हाये. म्या गुयाची तारीख टाकली, रजिस्ट्रीची नाई. साऱ्या दुनियेले कधी म्हनून इचारतो, घरात इचारलं नाई." मग मात्र नायकांनीच विचारलं, गुळाच्या तारखेनं काय बिघडतं, आणि भाऊ खुलले. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि सगळा तांडा भोवती गोळा झाला. उत्तमरावाचा प्लॉट पुन्हा चारदा विकला गेला. "माल हाती आला तवा सरकार आपला वाटा मांगते," भाऊ सांगत होते, "शब्द देल्ला तवा नाई मांगत. सरकार गूय खात नाई." एक म्हातारा म्हणाला, "मंग सरकारचा शब्दावर इस्वास नाई म्हना की." भाऊ विचारात पडले. "हे बी इचारा लागन," म्हणाले.

नायक म्हणाले, "झालं मंग. चूक कबूल केली. पैशे वापस येतीन का?"

"येतीन. सुधारून रिटर्न भरतो."

"सरकार देईन वापस," काकी म्हणाली. ती अजून उभीच होती. "यानं काय द्यावं?"

 काकीचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "अक्षय तृतीयेले आला, गूय खाल्ला, गेला. पोया गेला, दिवाई गेली, संक्रांत गेली. दिग्रस काय मुंबईले हाये का? एकदा येऊन चुलीपाशी बसला असता त म्याच सांगतलं असतं, आज रजिस्ट्री करून आली म्हनून. फोनवर म्हन्ते, उशीर केला तू. कोनं केला रे उशीर?"

भाऊंनी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी लॅपटॉपच्या वायरशी उगीच खटपट करू लागले.

नायकांनी विचारलं, "तूच सांग, काय घ्यावं याच्यापासून?"

"चार हप्ते," काकी म्हणाली. "सरकारच्या तारखीच्या आंधी, चारी बार यानं सोता यावं. घरोघर बसावं, इचारावं, कोनं काय इकलं, कधी इकलं. आन् माह्या घरी जेवावं. फोनवर नाई."

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि अगदी खऱ्या उत्सुकतेनं विचारलं, "आन् हप्ता चुकला त?"

"त व्याज," काकी म्हणाली. "दोनदा जेवा लागन."

मग जो हशा झाला, त्यात काकी पहिल्यांदा खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडली.

पैसे काही महिन्यांनी परत आले. त्यावर सरकारनं व्याज दिलं नाही, परतावा लहान असला की देत नाहीत, आणि तेवढ्यावरून भाऊंचं एक नवं काहून सुरू झालं. ते त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. पण तांड्याचा हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, पंधरा तारखेच्या आधी एक दिवस पिशवी खांद्याला लावून बसस्थानक. साहेबांनी कुरकुर केली तर म्हणायचे, "कोर्टाचा हुकूम हाये, साहेब." परत आले की काकीच्या हातची बाजरीची भाकर आमच्यासाठी पण असायची. तांड्यातली माणसं आता गुळाची तारीख वेगळी आणि रजिस्ट्रीची वेगळी सांगतात, असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. उत्तमरावालाही त्यांनी एक काकी दिली. "नाईतर लेक कोनाचंच आयकत नाई," म्हणाले.

मग त्यांच्या किडन्या बिघडल्या. यवतमाळच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, ऑफिसात येणं कमी झालं. यायचे तेव्हा खुर्चीत टेकून बसायचे आणि मला सांगायचे, "तारीख तुमी बदला, मी पाहतो." डॉक्टरांनाही त्यांनी भंडावून सोडलं होतं म्हणे. यंत्रातून रक्त बाहेर जाऊन परत येतं, ते नेमकं काय सोडून येतं आणि काय घेऊन येतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

संक्रांत झाल्यावर काही दिवसांनी मी त्यांना दिग्रसच्या बसस्थानकावर बघितलं. अंगात स्वेटर, त्यावर मफलर, पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते. खांद्याला तीच पिशवी. मी धावतच गेले.

"कुठे निघालात या अवस्थेत?"

"तांड्यावर."

"डिसेंबरचा हप्ता तर झाला. मार्चला अजून किती दिवस आहेत!"

"मार्चचा आताच भरून येतो, ताई."

मी त्यांच्यावर ओरडले. हो, भर स्थानकात ओरडले. घरी जा म्हटलं, डॉक्टरांना फोन करते म्हटलं. ते ऐकून घेत होते. मी दमल्यावर म्हणाले, "आगाऊ भरलेलं चालते नं? नियमात बसते."

"आणि काकीनं विचारलं, इतक्या लवकर काहून आला, तर काय सांगाल?"

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.  पुसदची बस लागली, माणसं चढायला लागली. तेव्हा म्हणाले, "थेच भेव हाये. तिनं इचारलं नाई पायजे." मी पिशवी वर दिली, कंडक्टरनं हात दिला. खिडकीजवळ बसून त्यांनी काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही. काचेमागून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. बस गेली.

फेब्रुवारी संपायच्या आत ते गेले.

मार्चच्या पंधरा तारखेच्या आदल्या दिवशी धापली काकी एकटीच जिना चढून आमच्या ऑफिसात आली. भाऊंच्या खुर्चीकडे तिनं बघितलं, पण बसली माझ्यासमोर. तांड्यात कोणी काय विकलं, रजिस्ट्री कोणत्या दिवशी झाली, सगळं तिला तोंडपाठ होतं. मी लिहून घेतलं. पाणी दिलं, चहा मागवला. माझ्या मनात तो प्रश्न महिनाभर टोचत होता. शेवटी विचारलंच.

"काकी, ते संक्रांतीनंतर आले, तेव्हा तुम्ही विचारलं का? इतक्या लवकर काहून आलास म्हणून?"

"नाई," ती म्हणाली. "घरोघर हिंडला. दोन घास जेवला. मंग चुलीपाशी बसून राह्यला, बस जाईपर्यंत. थो बोलला नाई, म्या बी नाई बोलली."

तिनं बशीतला चहा संपवला, तोंड पदरानं पुसलं.

"हप्ता आगाऊ आला त सरकार तरी इचारते का बाई, काहून आनला म्हनून? ठेवून घेते."